शून्याकडे जाणाऱ्या तीन वाटा

बुद्धिबळात ‘विषारी प्यादे’ नावाचा एक प्रकार आहे. सिसिलियन बचावाच्या नायडॉर्फ पद्धतीत सहाव्या चालीला पांढऱ्याचा उंट जी 5 वर येतो, सातव्या चालीला त्याचे एफ प्यादे दोन घरे पुढे सरकते आणि काळा आपला वजीर बी 6 वर आणून समोरच्या बी 2 वरच्या प्याद्यावर डोळा ठेवतो. पांढरा ते प्यादे राखत बसत नाही. वजीर डी 2 वर नेऊन तो जणू सांगतो, खायचे तर खा. काळा खातो. जेमतेम आठ चाली झालेल्या असतात. काळ्याच्या पदरात एक प्यादे जास्त पडलेले असते, पण त्याचा वजीर शत्रूच्या गोटात एकटा शिरलेला असतो आणि एका घोड्याखेरीज बाकीचे सैन्य अजून घराबाहेर पडलेले नसते. नवव्या चालीला पांढरा हत्ती बी 1 वर आणून वजिराला हुसकावतो, वजीर ए 3 वर सरकतो आणि दहाव्या चालीला पांढऱ्यासमोर तिठा येतो. एफ प्यादे आणखी पुढे रेटून राजासमोरची पट्टी उघडायची? की ई प्यादे रेटून, वर आणखी एक प्यादे देऊन, सगळा पटच पेटवायचा? की उंट शांतपणे ई 2 वर काढून आधी किल्लेकोट करायचा? पन्नास-साठ वर्षे या तीन वाटांवर ग्रँडमास्टरांनी रात्री जागवल्या. आजचे कोणतेही चांगले इंजिन थोडा वेळ चालू ठेवले, तर ते तिन्ही वाटांच्या टोकाला जवळजवळ एकच आकडा लिहून देते: शून्य. म्हणजे बरोबरी.

अनेकांना हा आकडा म्हणजे चर्चेचा शेवट वाटतो. यंत्राने निकाल दिला, विषय संपला. मला वाटते, निवडीचा विषय तिथूनच सुरू होतो. तिन्ही चालींची किंमत सारखी असेल, तर आकडा पाहून त्यांतली एक निवडणे अशक्यच आहे. दुसरा कुठला तरी निकष लागणार. आणि तो निकष यंत्रात नाही, पटाच्या दोन बाजूंना बसलेल्या माणसांत आहे. धारदार प्रकारात चाल निवडताना खरा प्रश्न असतो तो असा: पुढचे अवघड गणित कोणाच्या गळ्यात पडणार, आणि ते सोडवायला त्याच्याकडे वेळ, आठवण आणि समज किती आहे? इंजिन याचे उत्तर देत नाही, कारण त्याला हा प्रश्न कोणी विचारलेलाच नसतो. आपल्याकडे मात्र हल्ली शिकवण्याची रीत नेमकी उलटी होत चालली आहे. यंत्राची पहिल्या क्रमांकाची चाल वहीत उतरवायची, तिच्यापुढच्या वीस चाली घोकायच्या आणि स्पर्धेला जायचे. ही रीत चुकीची आहे, असे माझे मत आहे.

आधी तो शून्य म्हणजे काय, हे पाहिले पाहिजे. इंजिनाचा आकडा गृहीत धरतो की यापुढे दोन्ही बाजू अचूक खेळतील. एक एक हत्ती आणि तीन तीन प्यादी उरलेला, एकाच बाजूला सगळी प्यादी असलेला निर्जीव अंत्यखेळ घ्या. तिथेही आकडा शून्य. तिथे सात-आठ निरनिराळ्या चाली केल्या तरी काही बिघडत नाही. विषारी प्याद्याच्या गुंत्यातही आकडा शून्य, पण तिथे एकेका वळणावर वाचवणारी चाल एकच असते. ती सापडली तर बरोबरी, नाही सापडली तर पुढच्या दहा चालींत मात. कागदावर दोन्ही शून्ये जुळी भावंडे दिसतात. खेळणाऱ्याच्या दृष्टीने एक सपाट डांबरी रस्ता आहे आणि दुसरा पावसाळ्यातला घाट, ज्यात कठडा कुठे आहे ते धुक्यामुळे दिसत नाही. एखादा प्रकार धारदार आहे असे आपण म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ एवढाच, की तिथे एकमेव वाचवणाऱ्या चाली जास्त आणि माफ होणाऱ्या चुका कमी. मग विचारायला हवे की या एकमेव चाली शोधण्याचे ओझे कोणाच्या वाट्याला जास्त आले आहे. दहाव्या चालीच्या तीन पर्यायांत फरक पडतो तो इथे.

एफ प्यादे रेटण्याची वाट घ्या. हिच्यावर इतके खणून झाले आहे की एका मुख्य शाखेत पांढरा एकामागून एक बलिदाने देतो, काळा ती स्वीकारतो आणि सरतेशेवटी सततच्या शहाने बरोबरी होते. बाहेरून पाहणाऱ्याला हे रणकंदन वाटते. जाणकाराला ती पाठ केलेली कवायत असते. मग ही चाल कोणी निवडावी? ज्याला पांढऱ्या मोहऱ्यांनी अर्धा गुण पुरेसा आहे आणि समोरच्यालाही ही शाखा ठाऊक आहे असा ज्याचा अंदाज आहे, त्याने. शेवटच्या फेरीत अर्ध्या गुणावर बक्षीस ठरणार असेल तर ती समजूतदार निवड आहे. पण जिंकणे भाग असेल, तर त्याच शून्याची किंमत त्याच खेळाडूसाठी वेगळी होते. म्हणजे गुणतक्ता हासुद्धा चाल ठरवणारा एक घटक आहे, आणि तो पटावर कुठेच दिसत नाही.

ई प्यादे रेटण्याची कथा आणखी बोलकी आहे. 1965 साली हवानाच्या कापाब्लांका स्मृती स्पर्धेत बल्गेरियाच्या गेओर्गी त्रिंगोव्हने बॉबी फिशरविरुद्ध ती चाल केली. त्या स्पर्धेसाठी फिशरला क्यूबाला जाऊ देण्यात आले नव्हते, म्हणून तो न्यूयॉर्कच्या मार्शल चेस क्लबात बसून तारयंत्रावरून चाली पाठवत होता. त्रिंगोव्हने घोडा दिला, मग राजावर चढाई केली, आणि फिशरने बावीस चालींत डाव संपवला. त्रिंगोव्हचे तेलही गेले आणि तूपही गेले. त्यानंतर बराच काळ ई प्यादे रेटणे ही उतावळ्यांची चाल मानली गेली. पुढे 2000 नंतरच्या दशकात तीच चाल पुन्हा वर आली, कारण घरबसल्या यंत्राच्या मदतीने तिच्या पोटातल्या नव्या कल्पना तपासता येऊ लागल्या. त्रिंगोव्हने बाराव्या चालीला उंट काढला होता, नवी मंडळी घोडा ई 4 वर नेऊ लागली. त्या काळात अनेक काळे खेळाडू नव्या कल्पनांपुढे गांगरले. मग उत्तरे सापडली आणि आकडा पुन्हा शून्यावर आला. पटावरचे सत्य या चाळीस वर्षांत बदलले का? नाही. बदलले ते एवढेच, की कोणत्या क्षणी कोणाला जास्त माहीत होते. ज्यांनी ती चाल योग्य वेळी निवडली त्यांना गुण मिळाले. ज्यांनी तीच चाल पाच वर्षे उशिरा निवडली त्यांच्यासमोर तयार उत्तर मांडून ठेवलेले होते.

माहितीच्या या असमतोलाचे सगळ्यांत प्रसिद्ध उदाहरण 1972 च्या रेक्याविकमधले आहे. जगज्जेतेपदाच्या त्या लढतीत सातव्या डावात फिशरने बी 2 चे प्यादे खाल्ले. बोरिस स्पास्कीने हत्ती बी 1 वर आणण्याऐवजी घोडा बी 3 वर मागे घेतला, मग दहाव्या चालीला उंट डी 3 वर काढला. फिशर वरचढ झाला, पण डाव बरोबरीत सुटला. अकराव्या डावात दोघेही पुन्हा त्याच चालींनी त्याच जागी आले. फिशर तेव्हा साडेसहा विरुद्ध साडेतीन असा आघाडीवर होता आणि या प्रकारावर त्याचा भलताच विश्वास होता. स्पास्कीने या वेळी दहाव्या चालीला उंटाने घोडा मारला, काळ्याची राजाकडची प्यादी विस्कटली आणि चौदाव्या चालीला त्याने सी 3 वरचा घोडा उचलून बी 1 वर, म्हणजे डाव सुरू होताना तो जिथे उभा होता त्या घरी, परत ठेवला. हल्ला करणाऱ्याने मोहरे मागे घरी न्यायचे, ही गोष्ट पाहणाऱ्यांना चक्रावणारी होती. पण त्या घोड्याने ए 3 वरच्या वजिराला हलवले आणि वजिराभोवतीचा फास आवळत गेला. पुढे दहाएक चालींत फिशरने वजीर गमावला आणि एकतिसाव्या चालीनंतर हार मानली.

या घोड्याच्या चालीकडे आज यंत्र लावून पाहिले तर ती काही प्रतिस्पर्ध्याला नेस्तनाबूत करणारी वाटत नाही. ती झाल्यावरही काळ्याकडे सावरण्याची वाट होती. फिशरची मोठी चूक त्यानंतरच्या चालींत झाली. मग त्या चालीचे श्रेय कमी होते का? माझ्या मते वाढते. स्पास्कीने असा पर्याय निवडला ज्यात फिशरच्या तयारीचा दोर तुटला, ज्यातला धोका डोळ्यांना सवयीचा नव्हता आणि ज्यात काळ्याला घड्याळ चालू असताना नवे प्रश्न सोडवावे लागले. त्याउलट सातव्या डावातली चाल वाईट होती म्हणून पांढरा अडचणीत आला असेही नाही. ती फिशरच्या ओळखीच्या मुलखातली होती. दोन्ही पर्यायांच्या निखळ किमतीत फरक थोडा, निकालात फरक अर्ध्या गुणाचा. जगज्जेतेपदाच्या लढतीत अर्धा गुण फार मोठा असतो.

भारतीय वाचकाला जवळचे उदाहरण हवे तर 2008 चे बॉन आहे. विश्वनाथन आनंद आणि व्लादिमिर क्रामनिक यांच्यातल्या त्या लढतीआधी क्रामनिकची ख्याती अभेद्य खेळाडूची होती. चकमकी टाळून, वजिरांची अदलाबदल करून, प्रतिस्पर्ध्याला हळूहळू गुदमरवणे हा त्याचा हातखंडा. पहिले दोन डाव बरोबरीत सुटल्यावर तिसऱ्या डावात आनंदने काळ्या मोहऱ्यांनी सेमी-स्लाव्हमधला मेरान प्रकार खेळला. मेरान हे इटलीतले गाव. 1924 साली तिथल्या स्पर्धेत रुबिनस्टाइनने ग्रुनफेल्डविरुद्ध हा बचाव खेळला, त्यावरून हे नाव पडले. प्रकार जुना, धार जुनी. चौदाव्या चालीला काळ्याने उंट ए 6 वर काढायचा अशी तोवरची वहिवाट होती. आनंदने तो बी 7 वर ठेवला. त्यामुळे बी 5 चे प्यादे पांढऱ्याला खायला मोकळे झाले, काळ्याचा राजा पटाच्या मध्यावर अडकला, पण त्याच्या बदल्यात जी पट्टीवर हत्ती आणि लांबच्या कर्णावर उंट असे पांढऱ्या राजाकडे रोखलेले मोहरे मिळाले. क्रामनिकला प्यादे मिळाले आणि त्याबरोबर पुढचे तीन तास अनोळखी गुंत्यात एकेक चाल शोधण्याचे काम मिळाले. दोघांचीही वेळ संपत आली असताना त्याचा तोल गेला आणि आनंद जिंकला.

मला या लढतीत तिसऱ्या डावापेक्षा पाचवा जास्त महत्त्वाचा वाटतो. तीन दिवसांनी क्रामनिक पुन्हा त्याच प्रकारात उतरला. मधल्या काळात त्याच्या गटाने तिसऱ्या डावाची चिरफाड केली असणार, हे उघड आहे. नाहीतर तो पुन्हा त्या वाटेला आलाच नसता. आता काळ्याने काय करावे? तिसऱ्या डावात पंधराव्या चालीला आनंदने उंट डी 6 वर काढला होता आणि ती चाल यशस्वी ठरली होती. ‘जिंकलेली चाल बदलू नये’ हे कट्ट्यावरचे शहाणपण. आनंदने ती बदलली. पंधराव्या चालीला त्याने हत्ती जी 8 वर नेला. म्हणजे वेगळी वाट त्यानेच आधी धरली. क्रामनिकने जे काही तयार करून आणले होते ते बाहेर काढायची संधीच त्याला मिळाली नाही. पाचवा डावही आनंदने पस्तीस चालींत जिंकला आणि लढत साडेसहा विरुद्ध साडेचार अशी संपली. उंट की हत्ती, हा प्रश्न यंत्रापुढे ठेवला असता तर दोन चालींत उन्नीस-बीसचाच फरक दिसला असता. आनंदच्या गटाने विचारलेला प्रश्न निराळा असावा, असे त्या निवडीवरून दिसते: समोरच्याने गेले तीन दिवस कशावर घालवले असतील?

इथे पहिला आणि सगळ्यांत वजनदार आक्षेप येतो. हे सगळे मानसशास्त्राचे खेळ झाले. बुद्धिबळ हा सत्याचा खेळ आहे, चांगली चाल ती चांगली चाल, समोर कोणीही बसलेले असो. माणसाकडे पाहून चाल निवडायला गेले की माणूस ओळखण्यात चूक होते आणि डाव हातचा जातो. या आक्षेपाला बळ देणारे उदाहरण मीच देतो. 1997 च्या मे महिन्यात न्यूयॉर्कमध्ये गॅरी कास्पारोव्ह ‘डीप ब्लू’ या संगणकाविरुद्ध सहावा, निर्णायक डाव खेळत होता. कारो-कान बचावात सातव्या चालीला त्याने एच प्यादे एक घर पुढे ढकलले. तिथे पांढऱ्याने ई 6 वर घोड्याचे बलिदान द्यायचे असते हे जाणकारांना ठाऊक होते. ठोस फायदा मोजणारे यंत्र असे अमूर्त बलिदान देणार नाही, असा कास्पारोव्हचा हिशेब असावा असे पुष्कळांनी मानले आहे. यंत्राने ते दिले, कारण ती चाल त्याच्या साठवणीतच होती. एकोणिसाव्या चालीनंतर जगज्जेत्याने हार मानली. प्रतिस्पर्ध्याकडे पाहून केलेली निवड कशी अंगाशी येते, याचा हा नमुना.

त्याच्या जोडीला दुसरे, जुने उदाहरण ठेवता येईल. 1918 साली न्यूयॉर्कमध्येच फ्रँक मार्शलने स्पॅनिश ओपनिंगमध्ये एक प्यादे देऊन राजावर तुटून पडण्याची नवी कल्पना कापाब्लांकावर टाकली. ती घरून शिजवून आणलेली आहे हे कापाब्लांकाला कळले नसेल असे नाही. तरी त्याने प्यादे घेतले, पटावरच एकेक बचाव शोधला आणि डाव जिंकला. प्रतिस्पर्ध्याची तयारी कितीही असो, अचूक खेळणारा तरतो, असे यावरून कोणी म्हणेल.

दोन्ही उदाहरणे मला मान्य आहेत, पण त्यांचा निष्कर्ष मान्य नाही. कास्पारोव्हची चूक माणसाकडे (तिथे यंत्राकडे) पाहण्याची नव्हती. पटावर वाईट असलेली चाल केवळ समोरच्याच्या स्वभावावर भिस्त ठेवून करण्याची होती. आधी चाळणी, मग निवड, हा क्रम त्याने मोडला. इंजिन ही फार उत्तम चाळणी आहे आणि तिच्यातून जे खाली पडते ते कितीही मोहक असले तरी टाकून द्यावे, याबद्दल माझा वाद नाही. वाद चाळणीत उरलेल्या दोन-तीन दाण्यांबद्दल आहे. कापाब्लांकाबद्दल म्हणाल, तर त्याच्यासारखी बचावाची जाण असलेल्या माणसाने प्यादे घेणे हीसुद्धा स्वतःकडे पाहूनच केलेली निवड होती. दुसऱ्या एखाद्याने त्याच जागी प्यादे न घेता शांत चाल केली असती तर ती त्याच्यासाठी बरोबर ठरली असती. पुढच्या काळात मार्शलचा हा हल्ला इतका वाढला की 1993 च्या जगज्जेतेपदाच्या लढतीत खुद्द कास्पारोव्हने शॉर्टविरुद्ध ए प्यादे आधीच रेटून त्याला बगल दिली. हल्ला परतवता येत नाही म्हणून नव्हे. प्रतिस्पर्ध्याला जिथे तो पढून बसला आहे त्या घरात जेवायला का जायचे?

दुसरा आक्षेप आजच्या काळाचा आहे. इंजिन आता प्रत्येकाच्या खिशात आहे. विस्मयाचा धक्का दोन दिवस टिकतो. म्हणून शेवटी जास्त पाठ करणाराच जिंकणार. फिशरलाच ही भीती वाटली होती. 1996 साली ब्वेनोस आयरेसमध्ये त्याने मागच्या रांगेतले मोहरे चिठ्ठ्या टाकून मांडण्याचा नवा खेळ जाहीर केला, तो ओपनिंगचे पाठांतर मोडून काढण्यासाठीच. त्या खेळाचा मी चाहता आहे, पण जुन्या खेळाबद्दलची निराशा मला पटत नाही. सगळ्यांकडे तीच चाळणी आहे, म्हणूनच चाळणीनंतरच्या निवडीचे महत्त्व वाढले आहे. यंत्र प्रत्येकाला एकच पहिली चाल सांगते, त्यामुळे सगळ्यांची सर्वाधिक तयारी त्या पहिल्या चालीवरच झालेली असते. यादीतली तिसरी चाल, जिचा आकडा केसभर कमी आहे, तिच्यावर समोरच्याने किती वेळ घालवला असेल? विषारी प्याद्यात उंट ई 2 वर काढण्याची साधी चाल कित्येकदा अशी कामाला येते. 2024 मध्ये टोरंटोच्या कँडिडेट्स स्पर्धेत नाशिकच्या विदित गुजराथीने दुसऱ्या फेरीत हिकारू नाकामुराला काळ्या मोहऱ्यांनी हरवले, तेही बर्लिनसारख्या सपक समजल्या जाणाऱ्या बचावातून, एच 3 वर उंटाचे बलिदान देऊन. सपक प्रकारातला एक धारदार काटा, आणि तो नेमका कुठे टोचायचा याची निवड आधी झालेली. यंत्र नाकामुराकडेही होते.

तिसरा आक्षेप बहुतेक वाचकांच्या मनात असेल: हे दिग्गजांचे झाले; शाळकरी मुलाने किंवा रविवारच्या स्पर्धेत खेळणाऱ्याने धारदार प्रकारांच्या नादी लागूच नये. लंडन सिस्टीम खेळावी, मोहरे ठरल्या घरी मांडावेत, पुढे बघू. यात तथ्य आहे. बी 2 चे प्यादे खाणे यंत्राच्या लेखी बिनधोक असले तरी क्लबच्या पातळीवर काळ्याचे काम मला फारच कठीण वाटते. पांढरा एखादी चाल विसरला तर त्याचा हल्ला मंदावतो; काळा एक चाल विसरला तर त्याचा वजीर जातो किंवा राजा. विसरण्याची शिक्षा दोघांना सारखी नाही, आणि विसरणे तर ठरलेलेच आहे. त्यामुळे बारा वर्षांच्या मुलाला ‘शून्य आहे, खा’ असे सांगणारा प्रशिक्षक मला बेजबाबदार वाटतो. तोच प्रशिक्षक पांढऱ्या बाजूच्या मुलाला ई प्यादे रेटायला लावत असेल, तर तेही तितकेच चूक. त्या शाखेत पाठांतर तुटले की मागे काही उरत नाही. दोन प्यादी आधीच गेलेली असतात. उंट ई 2 वर काढणाऱ्याची आठवण गेली, तरी त्याच्याकडे करायला समजण्याजोग्या गोष्टी असतात: किल्लेकोट, एफ पट्टीवर हत्ती, मध्य उघडणे, वजिराच्या परतीच्या वाटा रोखणे. चाल निवडताना ती विसरल्यावर हातात काय उरते, हे आधी पाहावे. आकड्याच्या तक्त्यात हा रकाना नसतो.

म्हणून धारदार प्रकार टाळाच, असे मात्र मी म्हणणार नाही. नागपूरच्या दिव्या देशमुखने 2025 मध्ये बाटुमीत महिलांचा विश्वचषक जिंकल्यानंतर आपल्याकडच्या बुद्धिबळाच्या वर्गांकडे ओढा असणे साहजिक आहे, आणि पालकांना लवकर फळ हवे असते, हेही समजू शकते. पण पी हळद नि हो गोरी हा बाणा दोन्हीकडे घातक आहे, पाठांतर करवून घेण्यातही आणि ठरीव साच्यात मोहरे मांडून धोका कायमचा टाळण्यातही. मोहऱ्यांच्या जिवंतपणाची किंमत, राजा उघडा पडण्याची किंमत, एका चालीच्या वेळेची किंमत मुलाला कळते ती गुंत्यातच. विषारी प्याद्याची स्थिती पटावर मांडावी, यंत्र बंद ठेवावे आणि मुलाला तिन्ही वाटा दोन्ही बाजूंनी खेळायला लावाव्यात. कुठे त्याला चाली सुचतात, कुठे तो थबकतो, कुठे घाबरून अदलाबदल करतो, हे पाहावे. मग यंत्र लावून त्याच्या आवडीची वाट चाळून घ्यावी. गाळात जात असेल तर बदलावी, नाहीतर तीच ठेवावी, मग ती यंत्राच्या यादीत तिसरी का असेना. याला वेळ लागतो. वीस चालींची छापील पट्टी हातात देण्यापेक्षा कितीतरी जास्त, आणि वर्गाच्या तासांच्या हिशेबात तो बसत नाही, ही खरी अडचण आहे.

एक शंका तरी उरते: प्रतिस्पर्धी पाहून, गुणतक्ता पाहून, स्वतःची आठवण पाहून चाल बदलणे हे भित्रेपणाचे नाही का? ज्याचा आपल्या प्रकारावर विश्वास आहे तो डगमगत नाही, अशी एक वीरवृत्तीची कल्पना आपल्याकडे लोकप्रिय आहे आणि फिशर हे तिचे दैवत मानले जाते. त्यासाठी पुन्हा रेक्याविकला जावे लागेल. अकराव्या डावात वजीर गमावल्यानंतर फिशरला त्या प्रकारात सुधारणा सापडली नसती असे नव्हते. काळ्यासाठी सगळे काही संपलेले नव्हते, आणि त्या प्रकाराची त्याच्याइतकी माहिती असणारा त्या काळात दुसरा कोण होता? पंधराव्या डावात स्पास्कीने पुन्हा उंट जी 5 वर आणला, सातव्या चालीला एफ प्यादे पुन्हा दोन घरे सरकवले. फिशर तेव्हा साडेआठ विरुद्ध साडेपाच असा पुढे होता. त्याने वजिराला हात लावला नाही. सातव्या चालीला राजाकडचा उंट ई 7 वर काढला, आणि बी 2 चे प्यादे जागच्या जागी राहिले. डाव 43 चालींनंतर बरोबरीत सुटला.